टॉवेलखालचा आकडा

वजनकाट्याच्या आकड्यावर टॉवेल टाकून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डाळजला हायवेच्या कडेला या तात्यांचा काटा होता आणि तिथे मी चार वर्षं पावत्या काढायच्या कामावर होते. ट्रक काट्यावर चढला, गचका देऊन थांबला, की कुठल्याही काट्यावर खिडकीतला लाल आकडा जरा थरथरतो आणि स्थिर होतो. ड्रायव्हर तो वाचतो, पावती खिशात घालतो आणि वाटेला लागतो. आमच्याकडे त्या आकड्यावर निळ्या काठांचा टॉवेल असायचा. तात्या कानावरची पेन्सिल काढायचे, खिडकीतून मान बाहेर घालायचे आणि विचारायचे, "बोल. किती?"

"तात्या, मागं लाईन लागलीया."

"लागू दी. किती भरंल?"

"मला काय म्हाईत? काटा तुमचा हाय."

"माल तुजा हाय न्हवं? मग बोल."

ड्रायव्हर चरफडत एक आकडा फेकायचा. पावतीची जी प्रत आमच्याकडे राहायची तिच्या पाठीवर तात्या तो पेन्सिलीने लिहून घ्यायचे आणि मगच टॉवेल ओढायचे. सांगितलेला आकडा आणि खरा आकडा शेजारी शेजारी बघण्यात त्यांना कसला आनंद होतो, ते मला पहिलं वर्षभर कळलं नाही. थोड्या अंतरावर दुसरा काटा होता, तिथे ही भानगड नव्हती. तरी माणसं आमच्याकडेच यायची, कारण तात्यांचा काटा सरळ होता. माणूस तिरपागडा पण काटा सरळ, असं पंचक्रोशीत म्हणायचे.

आमच्या भागात म्हाताऱ्या पुरुषाचा खांदा टॉवेलाशिवाय दिसत नाही. तात्यांचा खांदा कायम रिकामा, कारण त्यांचा टॉवेल ड्युटीवर. ही कल्पना त्यांना बैलबाजारातून मिळाली होती. लहानपणी ते वडिलांचं बोट धरून बाजाराला जायचे. तिथे दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात, आकडा कुणाच्या कानावर पडू देत नाहीत. लहानग्या तात्यांनी वडिलांना विचारलं होतं, झाकायचं कशाला? वडील म्हणाले होते, एकदा आकडा ऐकला की माणूस त्याच्याच भोवती फिरतो, खुंट्याला बांधल्यासारखा.

ते वाक्य तात्यांनी जन्मभर पुरवलं. विटांचा एक टेम्पो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. तोच ड्रायव्हर, तेवढ्याच विटा. तात्या कधी सहज म्हणायचे, "मगाशी एक पंधरा टनाचा गेला बग," आणि ड्रायव्हर आपल्या विटा नऊ टन सांगायचा. कधी म्हणायचे, "मगाशी एक चार टनाचा गेला," आणि तोच गडी साडेसहावर यायचा. बिचाऱ्याला पत्ताही नसायचा. ड्रायव्हर गेला की तात्या माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचे, आणि मी टेबलाखाली तोंड घालून हसायची.

"मानूस मालाचं वजन सांगत न्हाय गं," ते म्हणायचे, "सवताचं सांगतो."

कलिंगडाचा टेम्पो आला की शेतकरी एका बाजूने उतरायचा, व्यापारी दुसऱ्या बाजूने. दोघांना वेगवेगळं विचारायचं, हा तात्यांचा आवडता खेळ. शेतकऱ्याचा आकडा नेहमी वर आणि व्यापाऱ्याचा खाली. टेम्पो एकच, ऊन एकच. मी म्हणायची, दोघंही लबाड. तात्या मान हलवायचे. "लबाड असतं तर सोपं हुतं. दोघास्नी तसंच दिसतंय. त्येच तर अवघड हाय."

काट्याच्या केबिनमध्ये एक वाक्य बोलायला बंदी होती. 'मला वाटलंच होतं.' जो म्हणेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. सुरुवातीला माणसं हसली, मग कळलं की आपण दिवसातून दहादा हे म्हणतो. भाव पडला, वाटलंच होतं. सोयरीक मोडली, वाटलंच होतं. अमका निवडून आला, वाटलंच होतं. तात्या शांतपणे विचारायचे, "चिठ्ठी हाय का? आदी लिवलंवतं का कुठं?" चिठ्ठी कुणाकडेच नसायची. चहा मात्र यायचा. काकी, म्हणजे तात्यांची बायको, मागच्या घरातून किटली आणताना पुटपुटायच्या, "ह्यांचं डोस्कं काट्यावर ठिवलं तर आकडाच यायचा न्हाय."

या सगळ्यांत तात्या एकाच माणसाला मानायचे. भिगवणचे रफिकभाई, भंगारवाले. त्यांना "किती?" विचारलं की ते टेम्पोकडे एकदा बघायचे आणि सांगायचे, "तात्या, पक्कं न्हाय म्हाईत. पाच ते सहाच्या मदी कुठंबी." टॉवेल निघायचा आणि आकडा बहुतेक वेळा पाच ते सहाच्या मधेच कुठेतरी असायचा. "बग," तात्या मला ऐकवायचे, "न्हाय म्हाईत म्हणाया छाती लागती. पक्कं तर कुनीबी म्हनतंय."

घरातही हेच. फ्रीज घ्यायला बारामतीला गेले तेव्हा मी बरोबर होते. दुकानात शिरण्याआधी तात्यांनी फुटपाथवर उभं राहून तळहातावर पेनाने एक आकडा लिहिला आणि मूठ मिटली. दुकानदाराने आधी मोठा भाव सांगितला, मग तो खोडला, मग "तुमच्यासाठी म्हणून" अमुक केला. काकी खूश. तात्यांनी मूठ उघडून बघितली आणि चालायला लागले. त्यामुळे काकींनी आणखी एक उन्हाळा माठातलं पाणी प्यायलं, आणि त्याबद्दल त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी हायवेवरची वर्दळ जरा ओसरायची. डांबरावर ऊन लाटा घेत असायचं आणि काट्याच्या मागे, शेताच्या उतारापलीकडे उजनीचं पाणी दिसायचं. हिवाळ्यानंतर त्या पाण्याच्या कडेला रोहित पक्षी उभे असत, लांबून गुलाबी काठासारखे. पंखा घरघरायचा. तात्या खुर्चीत डोळे अर्धवट मिटून पाण्याकडे बघत बसायचे. त्या दुपारी आठवल्या की मला अजून झोपेत चालल्यासारखं वाटतं. ते पाण्याकडे बघत कधीतरी "आत्ता आमच्या विहिरीवर किती पानी आसंल गं?" असं विचारायचे, असं मला आठवतं. पण खरंच विचारायचे की मी नंतर मनाने ते त्यांच्या तोंडी घातलं, सांगता येत नाही. चिठ्ठी नाही माझ्याकडे.

विहीर पाण्याखाली होती. धरण झालं तेव्हा तात्या शाळकरी होते. वडिलांचं रान, विहीर, बांध, बांधावरची बाभळ, सगळं उजनीच्या पोटात गेलं. दुसरीकडे जमीन मिळाली, पुढे तात्यांनी काटा टाकला आणि बरं चाललं. पण दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली जातं आणि तळ उघडा पडतो. त्या ओल्या गाळात आमची माणसं पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. वरच्या अंगाची जमीन आधी उघडी होते, तिथे पेरलं तर पावसाळ्यात पाणी चढेपर्यंत पीक हाताशी लागतं. तात्यांच्या वडिलांचं रान अगदी खोलात, जुन्या नदीकाठाला. ते सगळ्यात शेवटी उघडं पडायचं आणि सगळ्यात आधी बुडायचं. वर मोकळा गाळ पडलेला असताना तात्या दरवर्षी तिथेच उतरायचे आणि एकेक दाणा गाळात रोवत मका टोकायचे. मक्याला तुरा यायचा, आणि पाणी यायचं.

"तात्या, निदान कडवळ तरी टाका," लोक म्हणायचे. "कनीस न्हाय तर न्हाय, वैरन तरी हुईल."

"बापाच्या रानात कनीसच पायजे," असं म्हणून ते विषय बंद करायचे. मी त्यांच्या तोंडावर काही बोलत नसे, पण मनात म्हणायची, लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारा हा माणूस स्वतः दरवर्षी बी पाण्यात टाकतो.

आता माझं सांगते. माझं माहेर कऱ्हाटी. तिथे रस्ता रुंद झाला, आमच्या रानाची एक पट्टी गेली आणि पैसे आले. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, त्याचे दोन सारखे वाटे केले. एक भावाला, एक मला. आमच्याकडे बहिणी सह्या करून मोकळ्या होतात, पण अण्णा म्हणाले, "पोरगी म्हनून कमी न्हाय." त्याच हिवाळ्यात ते गेले. महिन्याभराने मी ते पैसे शेअरमध्ये घातले. सगळे, एकाच कंपनीत. ती कंपनी फवारणीचे पंप करायची. अण्णांच्या पाठीवर मी जन्मभर तोच पिवळा पंप पाहिला होता. पट्ट्याचा वळ त्यांच्या खांद्यावर कायमचा उमटला होता. आमच्या आजूबाजूच्या ज्या रानात बघावं तिथे तोच पंप. जी वस्तू रानोरान दिसते तिची कंपनी वाईट कशी असेल, एवढाच माझा अभ्यास.

तात्यांना सांगितलं तर त्यांनी हो-नाही काही केलं नाही. कागदाचा चिटोरा आणि पेन्सिल पुढे केली. "दिवाळीपतूर काय हुईल, लिही." मी लिहिलं, 'दीडपट होईल.' त्यांनी त्या चिठ्ठीची घडी करून ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली.

दिवाळीला भाव खाली गेला होता. मी पुन्हा लिहिलं, 'होळीपर्यंत आपल्या भावाला येईल.' होळीला आणखी खाली. मी लिहिलं, 'अक्षय तृतीयेपर्यंत येईल.' मधल्या काळात मी मोबाईलवर त्या कंपनीबद्दलच्या बातम्या वाचत होते, पण फक्त चांगल्या. वाईट बातमी दिसली की बोट आपोआप वर सरकायचं. नवरा विचारायचा, "काय म्हनतोय पंप?" मी म्हणायची, "थांबलाय जरा."

आणि तेव्हाच बारामतीतला गाळा समोर आला. एसटी स्टँडजवळ, झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायला एकदम सोयीचा. नवरा बारामतीत एमआयडीसीत शिफ्टला जायचा, मुलीची शाळा तिथे होणार होती, आणि स्वतःचं दुकान हे माझं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. मालकीणबाईंनी सांगितलं, अक्षय तृतीयेपर्यंत थांबते, मग दुसऱ्याला देते. शेअर आहे त्या भावाला विकले तर डिपॉझिट जेमतेम भागत होतं. आणखी घसरले तर नाही. आणि विकायचे म्हणजे अण्णांच्या पैशाचा मोठा तुकडा गेला, हे स्वतःच्या हाताने कबूल करायचं.

मी तात्यांना विचारलं, "इकू का नको, तुमीच सांगा."

"मी काय सांगू? तुज्याकडं ती शेअरं नसती, आन् हातात त्येवढं पैसं असतं, तर आज काय घेतलं असतंस? गाळा का शेअर?"

उत्तर मला अर्ध्या क्षणात आलं, आणि म्हणूनच मी भडकले. "तात्या, ते अन्नांचं पैसं हायत!"

तात्यांनी टॉवेल नीट केला आणि ते पाण्याकडे बघत बसले.

अक्षय तृतीयेला तीन दिवस राहिले असताना ते म्हणाले, "काकीचं गुडघं धरल्यात. टोकायला तू येशील का?" संध्याकाळी उन्हं कलल्यावर आम्ही दोघं उतार उतरलो. तात्यांच्या एका हातात मक्याच्या बियांची पिशवी आणि दुसऱ्या हातात, का कोण जाणे, तो बिस्किटांचा डबा.

ती वाट मी अजून स्वप्नात चालते. आधी तडकलेला गाळ, पायाखाली शिंपल्यांचा चुरा, वाळलेल्या शेवाळाचा वास. मग गाळ मऊ आणि गार होत गेला. एक मोडकी होडी कलून पडली होती. मागे हायवेचा आवाज विरत विरत गेला, आणि पुढे फक्त पाणी आणि पाण्यावरचं ऊन. तात्यांनी चपला काढून हातात घेतल्या. घरात कुणी झोपलं असावं तसे ते हलकी पावलं टाकत होते.

"हितं बांध," ते म्हणाले. मला काहीच दिसत नव्हतं. "हितं बाभळ. हितं आई भाकरी घिऊन बसायची. ही धाव, हितनं बैलं मोट वडायची." आणि खरोखर चिखलातून दगडांचं एक वर्तुळ डोकं वर काढून होतं. विहीर गाळाने भरून सपाट झाली होती. शेजारी थारोळं, मोटेचं पाणी ज्यात पडायचं तो कोरलेला दगडी हौद. तात्या त्याच्या काठावर बसले, काठावरून हात फिरवला, आणि डबा उघडून चिटोऱ्यावर काहीतरी लिहायला लागले.

माझा इतक्या दिवसांचा राग तिथे बाहेर आला. "तात्या, साऱ्या दुनियेला शिकवता. मला इचारता, आज घेतलं असतंस का. मग तुमचं काय? ह्ये रान आज कुनी इकायला आनलं तर घ्याल का तुमी? दरसाल बी पान्यात टाकता आन् मला अक्कल शिकवता!"

मोठ्या माणसाशी मी अशी कधी बोलले नव्हते. तात्यांनी चिठ्ठीखाली रेघ ओढली आणि ती माझ्या हातात दिली. "वाच."

लिहिलं होतं, 'मका जाणार.'

"मागच्याबी वाच," असं म्हणून त्यांनी दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढून दिला. वर्षावर्षाची एकेक चिठ्ठी, पेरण्याआधी लिहिलेली. 'मका जाणार.' 'मका जाणार.' 'मका जाणार, पण तुरा बघायला मिळेल.' एकीवर लिहिलं होतं, 'या साली राहील असं वाटतंय. हा लोभ आहे. मका जाणार.' मी वाचत गेले. एकाही चिठ्ठीत पीक नव्हतं. सगळ्या जगाला चुकताना बघणारा तो माणूस एकदाही चुकलेला नव्हता.

"मग पेरता कशाला?" मी गठ्ठा हातात धरूनच विचारलं.

"चार किलू बी लागतं," तात्या म्हणाले. "आन् दोन म्हयनं कंबर मोडती. त्येवढ्यात बापाच्या रानात उभं ऱ्हायला मिळतंय. मला म्हाग न्हाय वाटत." मग म्हणाले, "पीक यील म्हनून पेरलं असतं, तर येडा झालो असतो कवाच. मी इकत काय घेतोय ते मला म्हाईत हाय."

त्यांनी डब्याच्या तळातून तीन चिठ्ठ्या काढल्या. माझ्या. दीडपट होईल. आपल्या भावाला येईल. अक्षय तृतीयेपर्यंत येईल.

"तुज्या चिठ्ठ्या मी दोनदा वाचल्या," ते म्हणाले. "ह्यात अन्ना कुठं हायत गं? हितं तर नुसतं वाढंल, यील, असंच लिवलंय."

मी थारोळ्याच्या काठावर बसून रडले. अण्णा गेल्यावर इतकी रडले नव्हते. तेव्हा माणसं होती, भाकरी होत्या, कामं होती. अण्णा त्या मोबाईलमधल्या लाल आकड्यात नव्हतेच. ते पंपाच्या पट्ट्याच्या वळात होते, औषधाच्या वासात होते, 'कमी न्हाय' म्हणताना बसलेल्या आवाजात होते. आणि मी वर्षभर त्यांना भलतीकडेच धरून ठेवलं होतं. तात्यांनी मला रडू दिलं. मग पिशवी पुढे केली. "रड. पन दिवस बुडायच्या आत चार वळी झाल्या पायजेत."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्या उघडल्या मी शेअर विकले. अक्षय तृतीयेला गाळ्याची किल्ली माझ्या हातात आली.

पुढे दोन महिन्यांत तो शेअर बराच वर गेला. खोटं कशाला बोलू, मी तो भाव दिवसातून चारदा उघडून बघायची. नवरा जेवताना म्हणाला, "मला वाटलंच हुतं." मी तिथल्या तिथे तात्यांना फोन लावला. ते आधी मनमुराद हसले. "त्येला म्हनावं, च्या पाज." मग म्हणाले, "तू इकलंस तवा तुला कुठं म्हाईत हुतं? मलाबी न्हवतं. गाळा हाय का जाग्यावर? मग झालं." त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा त्यांचा फोन आला. फक्त एवढंच बोलले, "आलं पानी. तुरा झ्याक आलावता औंदा."

कऱ्हाटीहून मी अण्णांचा पिवळा पंप आणला. भाऊ म्हणाला, "आगं, भंगारात घालायचा हुता." मी तो दुकानात झेरॉक्सच्या मशीनच्या वर खुंटीला टांगला. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, पंप दुरुस्त करून मिळतो का. मी नाही म्हणते आणि पट्टा पुसते.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तात्या आजारी पडले आणि थंडीत गेले. दहाव्याला मी गेले होते. काटा आता पुतण्या चालवतो. आकड्यावर टॉवेल नाही. लाल आकडा उघडाच, येणारा-जाणारा कुणीही वाचतो. मला तो बघवेना, मी नजर दुसरीकडे वळवली.

मग वैशाख आला. माझ्या दुकानात कॉलेजच्या प्रवेशांची झुंबड होती, पोरं दारापर्यंत उभी. रफिकभाई कसल्यातरी कागदाच्या झेरॉक्स काढायला आले होते. पैसे देताना म्हणाले, "उजनी पार खाली गेलीया. तुमच्या तात्यांची इहिर दिसाया लागली म्हनं."

मला कुणी बोलावलं नव्हतं. ते रान माझं नव्हतं, मका माझा नव्हता. दुकान बंद ठेवायचं म्हणजे त्या दिवसांत सरळ नुकसान होतं. तळहातावर लिहावं इतकंसुद्धा गणित त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शटर ओढलं आणि भिगवणची एसटी धरली.

काकी ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी बियांची पिशवी, जणू सकाळपासून तयार. मला बघून त्यांचा चेहरा हलला. "मला वाटलंच हुतं, तू येशील म्हनून," त्या म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. काकींनी डोळ्याला पदर लावला, भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "थांब. च्या ठिवते."

चहा झाल्यावर त्यांनी आतून डबा आणून दिला. "ह्येनी सांगितलंय, रानात गेल्याबिगर उगडायचा न्हाय. माजं गुडघं काय तितवर न्हेत न्हाईत मला. तूच जा."

मी एकटीच उतरले. शिंपल्यांचा चुरा, मऊ गाळ, ती कललेली होडी. मीही चपला हातात घेतल्या. इथं बांध, मी मनात म्हटलं, इथं बाभळ, इथं आई भाकरी घेऊन बसायची. थारोळ्याच्या काठावर बसून डबा उघडला. दोऱ्याचा गठ्ठा तसाच होता, पेन्सिलचा तुकडा होता, आणि सगळ्यात वर एक सुटी चिठ्ठी. अक्षर हललेलं, पण त्यांचंच.

'पुढच्या वैशाखात मी नसणार. मका जाणार. ती येईल का, माहीत नाही.'

मी ती कितीदा वाचली, मोजलं नाही. पाण्याच्या कडेला रोहित पक्षी उभे होते आणि वारा पडला होता. मग त्याच पेन्सिलने एका चिटोऱ्यावर 'मका जाणार' असं लिहिलं, खाली साल घातलं आणि घडी करून तो गठ्ठ्यात सरकवला. पदर खोचला, ओटीत बी घेतलं आणि बांधाच्या बाजूने पहिली ओळ धरली.